२६ महिन्यांचा हिशेब



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत, ते सर गणिताचे शिक्षक होते. म्हणून आज एक गणित मांडायची मुभा मी घेतली आहे. ते शाळेतल्या टक्केवारीच्या पुढे जात नाही, पण त्याच्या आधारावर लाखांच्या आणि कधी कधी शेकडो कोटींच्या खरेदीचे निर्णय घेता येतात.

विषय रोजच्या व्यवहारातला आहे. संगणक घ्यायचा असतो, आणि कुणीतरी सांगतं की सहा महिन्यांत पुढच्या पिढीचा प्रोसेसर येतोय. मग थांबायचं की आत्ताच घ्यायचं? इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेल्या मुलीचे वडील हे विचारतात. कॉलेजच्या खरेदी समितीत कोटेशनं समोर असताना एखादे सदस्य हे विचारतात, आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. मोठ्या संशोधन संस्थांत महासंगणक घेतानाही हेच विचारलं जातं. या सगळ्यांशी बोलताना मला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. चर्चा प्रोसेसरवर होते. त्याच्यावर जे काम करायचं आहे, ते किती मोठं आहे, कधी हवं आहे, आज कशामुळे अडलं आहे, हे कुणी बोलत नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या न बोललेल्या भागाबद्दल आहे.

गणितापासून सुरुवात करतो.

१९९९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातल्या ख्रिस गॉटब्राथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक छोटा निबंध लिहिला. मोठ्या गणनांवर मूरच्या नियमाचा आणि आळसाचा काय परिणाम होतो, असा त्याचा विषय होता. निबंधाचा सूर हलकाफुलका आहे, पण आतलं गणित पक्कं आहे. खगोलशास्त्रात आकाशगंगा कशा घडल्या, तारे एकमेकांना कसे ओढतात, अशा गणना संगणकावर महिनोन् महिने चालतात. निबंधकारांचा प्रश्न असा होता: हाताशी ठरावीक पैसे आहेत, संगणकांचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतोय. तर आजच यंत्र घेऊन गणना सुरू करावी, की काही महिने काहीही न करता थांबावं आणि त्याच पैशांत वेगवान यंत्र घेऊन मागून सुरुवात करूनही पुढे निघावं?

हे असं समजून घेऊ. १८ महिन्यांत वेग दुप्पट, म्हणजे दर महिन्याला साधारण चार टक्क्यांची वाढ. एक महिना थांबलो तर पुढचं काम चार टक्क्यांनी आटोपशीर होतं. आता काम १० महिन्यांचं असेल, तर त्याचे चार टक्के म्हणजे १२ दिवस. १२ दिवस वाचवायला आपण ३० दिवस थांबलो, तोटा झाला. काम २६ महिन्यांचं असेल, तर चार टक्के म्हणजे जवळजवळ एक महिना. थांबलो काय, नाही थांबलो काय, सारखंच. काम २६ महिन्यांहून मोठं असेल, तरच थांबण्यात फायदा आहे. ४० महिन्यांची गणना घ्या. सुमारे ११ महिने थांबून नवं यंत्र घेतलं तर ती उरलेल्या २६ महिन्यांत होते, म्हणजे एकूण ३७ महिने. आजच सुरुवात केलेल्यापेक्षा तीन महिने आधी.

मला या निबंधाचं महत्त्व वाटतं ते २६ या आकड्यासाठी. थांबण्याच्या बाजूने जितकी अनुकूल परिस्थिती कल्पिता येईल तितकी निबंधकारांनी कल्पिली होती. वेग न चुकता वाढतोय, किंमत तीच राहतेय, आणि उत्तराची कुणाला घाई नाही. एवढं सगळं देऊनसुद्धा, दोन वर्षांहून मोठं काम असेल तरच थांबा, असं उत्तर निघालं. आपल्यापैकी कितीजणांचं काम सलग दोन वर्षं चालणारी एकच गणना आहे? कॉलेजातल्या विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम काही सेकंदांत संपतो. हिशेबनीसाचं काम दिवसात संपतं, व्हिडिओ संकलन करणाऱ्याची फाइल रात्रभरात तयार होते. गॉटब्राथचं गणित लावलं तर यातल्या कुणालाही वेगासाठी एक आठवडाही थांबायचं कारण नाही.

आणि ही परिस्थिती आता तितकी अनुकूल राहिलेली नाही.

मूरचा नियम म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एका इलेक्ट्रॉनिक्स नियतकालिकात लिहिलं की एका चिपवर बसणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होते आहे आणि निदान पुढची दहा वर्षं होत राहील. १९७५ मध्ये त्यांनीच हा वेग दोन वर्षांना दुप्पट असा सुधारला. हा निसर्गाचा नियम नव्हता. एका उद्योगाने स्वतःला घालून घेतलेलं वेळापत्रक होतं. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज एका चिपवर अब्जावधी असतात. वेळापत्रक बराच काळ पाळलं गेलं.

पण ट्रान्झिस्टर वाढले म्हणजे आपला प्रोग्रॅम तेवढा वेगाने धावतो असं नाही. या दोहोंना जोडणारा दुवा वेगळा होता. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केला, तर चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे तयार होणारी उष्णता तेवढीच राहते, आणि चिप अधिक वेगाने चालवता येते. तीस वर्षं ही किमया चालली. १९९३ मध्ये पेंटियम आला तेव्हा तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झवर चालायचा. २००४ पर्यंत पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला. ११ वर्षांत पन्नास पटींहून जास्त. मग व्होल्टेज आणखी कमी करता येईना, ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून वीज झिरपू लागली आणि चिप तापू लागली. २००४ मध्येच इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला आणि टेजास नावाचा त्याचा नियोजित वारसही रद्द केला. दुकानातून घेता येणारा ६ गिगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर यायला २०२३ उजाडलं. म्हणजे पुढच्या १९ वर्षांत घड्याळाची गती दुपटीपर्यंतही गेली नाही.

२००४ पूर्वी पुढच्या पिढीसाठी थांबणारा माणूस अगदीच चुकत नव्हता, कारण त्याचा जुनाच प्रोग्रॅम नव्या यंत्रावर आपोआप धावत सुटायचा. त्यानंतर प्रोसेसरवाल्यांनी एका चिपवर दोन, चार, आठ, सोळा गाभे (कोअर) बसवायला सुरुवात केली. त्यांचा फायदा घ्यायचा तर प्रोग्रॅमचे तुकडे पाडून ते एकाच वेळी चालतील असं लिहावं लागतं. ही मेहनत आपल्याकडे आली. ती केली नसेल, तर नवी पिढी येऊनही जुन्या प्रोग्रॅमला थोडासाच फरक पडतो. आपल्या कामाचा वेग १८ ऐवजी ३६ महिन्यांनी दुप्पट होतो असं धरून तेच गणित पुन्हा करा: २६ महिन्यांची सीमा ५२ महिन्यांवर जाते. चार वर्षांहून मोठं काम असेल तरच थांबा.

आता या सभागृहापासून फार दूर नसलेल्या जागेकडे येतो, कारण थांबावं की सुरू करावं या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यांत चांगलं उत्तर पुण्यात दिलं गेलं.

१९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवे होते. मुख्य गरज हवामानाची होती. १९८७ च्या दुष्काळाने ती अधिकच तीव्र झाली. अमेरिकेकडून क्रे कंपनीची यंत्रं घेण्याचा प्रयत्न झाला. दीर्घ वाटाघाटींनंतर क्रे एक्स-एमपी हे यंत्र दिल्लीला हवामानाच्या कामापुरतं आणि कडक अटींवर मिळालं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला अधिक शक्तिशाली यंत्र हवं होतं, ते मिळालं नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर तिचे पहिले संचालक. स्वदेशी महासंगणक बनवायला तीन वर्षांची मुदत होती.

तीन वर्षांत क्रेच्या तोडीचा प्रोसेसर घडवणं अशक्य होतं. मग हाताशी काय होतं? ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्यूटर, १९८७ मध्ये बाजारात आलेला. एकटा घेतला तर क्रेसमोर तो किरकोळच. पण त्याची रचना वेगळी होती: प्रत्येक चिपला शेजारच्या चिपशी बोलायला चार दुवे होते, आणि अपूर्णांकी गणिताचा विभाग चिपवरच होता. असे अनेक ट्रान्सप्यूटर जोडायचे आणि कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वाटून द्यायचे, हा मार्ग सी-डॅकने धरला. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

पुढचा भाग ऐका, तो या विषयाचा गाभा आहे. त्याच १९९१ मध्ये इनमॉसने पुढच्या पिढीचा ट्रान्सप्यूटर जाहीर केला, टी-९०००. तो टी-८०० च्या दहापट वेगवान असेल असं सांगितलं होतं. दहापट! कुठल्याही खरेदी समितीने, कुठल्याही अभियंत्याने अशा घोषणेसाठी थांबायचं ठरवलं असतं तर त्याला दोष देणं अवघड होतं. जर्मनीतल्या आखेनच्या पार्सिटेक कंपनीने आपलं नवं मोठं समांतर यंत्र टी-९००० धरूनच आखलं. टी-९००० रखडला. पार्सिटेकला त्याच यंत्रात जुन्या कुळातलाच टी-८०५ बसवून ते विकावं लागलं आणि नंतर पॉवरपीसीकडे वळावं लागलं. टी-९००० जाहीर केलेल्या वेगापर्यंत कधीच पोचला नाही, आणि ट्रान्सप्यूटरचा वंश तिथेच संपला.

सी-डॅकचं काय झालं? त्यांनी परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६० प्रोसेसर आणला, पुढे १९९८ च्या परम १०००० मध्ये सनचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर वापरले. चिप बदलत गेली. टिकलं ते टी-८०० वर काम करताना हाती आलेलं कसब: हवामानाची किंवा द्रवगतीची गणना अनेक प्रोसेसरमध्ये कशी वाटायची, तुकड्यांमधला संवाद कमी कसा करायचा, एखादा गाभा रिकामा बसत नाही ना हे कसं बघायचं. ही विद्या दुकानात मिळत नव्हती, आणि क्रेची वाट बघत बसलेल्याला ती कधीच आली नसती. पुढे २००४ नंतर सगळ्या जगाला समांतर प्रोग्रॅम लिहिणं भाग पडलं, तेव्हा पुण्यातल्या काही माणसांचा त्यावर दीड दशकाचा हात बसलेला होता. मी याला भाग्य म्हणणार नाही. अपुऱ्या चिपवर काम सुरू करण्याचं ते फळ होतं.

गॉटब्राथच्या गणितात हा घटक नाही. त्यात असं धरलं आहे की थांबलेला माणूस आणि सुरू केलेला माणूस यांची समज शेवटपर्यंत सारखीच राहते. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात आपल्याला प्रोग्रॅममधली चूक कळते, दुसऱ्या महिन्यात कळतं की जो प्रश्न सोडवायला घेतला तो जरा वेगळा मांडायला हवा होता. जो थांबतो, त्याच्या चुकाही थांबून राहतात आणि नव्या, महागड्या यंत्रावर पहिल्यांदा उघड होतात.

याचा आकड्यांतला पुरावाही आहे. उत्पादनाचं नियोजन, वाहतुकीचे मार्ग, वेळापत्रकं यांसाठी लागणारं रेषीय नियोजनाचं गणित घ्या. बर्लिनचे गणितज्ञ मार्टिन ग्रोट्शेल यांनी असा हिशेब मांडला होता की नियोजनाचा एक ठरावीक प्रश्न, जो १९८८ मधलं यंत्र आणि १९८८ मधल्या पद्धती वापरून सोडवायला ८२ वर्षं लागली असती, तो २००३ मध्ये एका मिनिटात सुटू लागला. म्हणजे सुमारे ४ कोटी ३० लाख पट सुधारणा. यातला साधारण १,००० पटींचा भाग वेगवान प्रोसेसरचा. उरलेले ४३,००० पट गणिती पद्धतीतल्या सुधारणेचे. १५ वर्षं नव्या प्रोसेसरची वाट बघणाऱ्याला हजारपट मिळाले असते. या काळात कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्यांनी त्याच्या ४३ पट कमावलं. सर आज असते, तर हा आकडा त्यांनी फळ्यावर लिहून ठेवला असता असं मला वाटतं.

घोषणांबद्दल आणखी थोडं बोलायला हवं, कारण थांबणारा माणूस कुठल्या चिपसाठी थांबतो? जी अजून अस्तित्वात नाही, जिच्याबद्दल फक्त सांगितलं गेलं आहे, अशा चिपसाठी. १९९४ मध्ये इंटेल आणि एचपी यांनी एकत्र येऊन नव्या पद्धतीचा ६४-बिट प्रोसेसर करायचं जाहीर केलं. पुढे तो इटॅनियम म्हणून ओळखला गेला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो येणार होता, २००१ मध्ये आला, आणि आला तेव्हा अपेक्षेइतका वेगवान नव्हता. तोवर एचपीने आपला प्रोसेसर बाजूला ठेवायचं ठरवलं होतं, सिलिकॉन ग्राफिक्सनेही तोच रस्ता धरला होता, आणि २००१ मध्ये कॉम्पॅकने अल्फा गुंडाळायची घोषणा केली. अल्फा हा आपल्या काळातला अतिशय सुंदर प्रोसेसर होता. चालणाऱ्या गोष्टी येणाऱ्या गोष्टीच्या नावाने मोडीत निघाल्या. बाजाराने शेवटी एएमडीने २००३ मध्ये आणलेला, जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवणारा ६४-बिट मार्ग स्वीकारला.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या ऑरोराचं. २०१५ मध्ये जाहीर झालं की इंटेलच्या नाइट्स हिल या पुढच्या पिढीच्या प्रोसेसरवर १८० पेटाफ्लॉप्स वेगाचा हा महासंगणक २०१८ मध्ये उभा राहील. २०१७ मध्ये नाइट्स हिलच रद्द झाला. आराखडा बदलला, उद्दिष्ट मोठं केलं, तारखा सरकत गेल्या, आणि २०२४ च्या मे महिन्यात ऑरोराने एक एक्साफ्लॉप वेगाची रेषा ओलांडली. शेवटी मिळालेलं यंत्र विलक्षण आहे. पण २०१८ साठी ज्या संशोधकाने आपल्या पीएचडीची आखणी त्यावर केली असेल, त्याचा विचार करा. इतक्या मोठ्या संस्थेला, इतक्या जवळच्या संबंधांनंतरही, पुढच्या पिढीची खरी तारीख कळू शकली नाही. आपल्याला दुकानदाराच्या सांगण्यावरून ती कशी कळावी?

वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांचा फटका निर्मात्यालाही बसतो. ॲडम ऑस्बॉर्न हा ब्रिटिश माणूस, लहानपणाची काही वर्षं तामिळनाडूत वाढलेला आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारलेला. १९८१ मध्ये त्याने उचलून नेता येणारा संगणक १,७९५ डॉलरला आणला आणि तो धडाक्याने खपला. १९८३ च्या सुरुवातीला पुढच्या मॉडेलची चर्चा बाहेर आली. विक्रेत्यांनी जुन्याच्या मागण्या थांबवल्या, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. स्पर्धकांचं स्वस्त यंत्र आणि कंपनीतला गोंधळ हीही कारणं होती असं अभ्यासक सांगतात, आणि मला ते पटतं. तरी त्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला होता, हे खरंच आहे.

थांबणं कधीच बरोबर नसतं, असं मात्र मी म्हणत नाही. शेतकरी वाफशासाठी थांबतो, त्याला कुणी आळशी म्हणत नाही. कारण तो कशासाठी थांबलाय हे त्याला माहीत असतं, वाफसा आल्याची खूण त्याला ओळखता येते, आणि फार दिवस लागणार नाहीत हेही ठाऊक असतं. संगणकाच्या खरेदीत असा प्रसंग क्वचित येतो. २०२० चा जून आठवा. ॲपलने जाहीर केलं की मॅकमधले इंटेलचे प्रोसेसर काढून आपले स्वतःचे बसवायचे, पहिलं यंत्र त्याच वर्षी येईल आणि दोन वर्षांत सगळं स्थित्यंतर पूर्ण होईल. नोव्हेंबरमध्ये एम-१ आला. पंखा नसलेला लॅपटॉप आधीच्या मॉडेलपेक्षा कितीतरी वेगवान आणि बॅटरीवर कितीतरी जास्त वेळ चालणारा निघाला. त्या जूनमध्ये कुणी मला विचारलं असतं, तर मी थांबायला सांगितलं असतं. वेग हे त्याचं मुख्य कारण नव्हे. कंपनीने स्वतःच जुन्या वंशाचा शेवट जाहीर केला होता, आणि त्यानंतर इंटेलचा मॅक घेणाऱ्याच्या यंत्रासाठी नवे प्रोग्रॅम, नव्या सुधारणा लवकर बंद होणार हे उघड होतं. यंत्राचं आयुष्यच कमी होणार असेल, तर काही महिने थांबणं शहाणपणाचं. तेव्हाही हाताशी चालू यंत्र असलेल्यानेच थांबावं. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याचं गणित निराळं.

नवी पिढी आली की ती लगेच घ्यावी का, हाही वेगळा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. १९९४ मध्ये त्यांनी आपल्या संगणकांत नवा पेंटियम जोडला, आणि उत्तरं जुळेनात. अनेक महिने त्यांनी आपल्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. शेवटी कळलं की भागाकार चुकतोय तो पेंटियम, आणि जुना ४८६ बरोबर उत्तर देतोय. इंटेलला चिप बदलून द्याव्या लागल्या आणि त्यासाठी ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले. अशी चूक विरळाच. पण नवी चिप बाजारात येऊन काही महिने झाले की तिच्या खोडी कळतात, त्यावरचे उपाय येतात, आणि मागच्या पिढीची किंमतही उतरते. म्हणून मला कुणी विचारलं की मी बहुतेक वेळा मागच्या पिढीचं, चांगलं तपासलेलं यंत्र सुचवतो, आणि वाचलेल्या पैशांत मेमरी वाढवायला सांगतो.

मेमरीचा उल्लेख केला, तर तिथेच थोडा थांबतो. आपला संगणक मंद आहे असं लोक म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा प्रोसेसर निर्दोष असतो. तो रिकामा बसलेला असतो, कारण मेमरी अपुरी पडून यंत्र सतत डिस्ककडे धाव घेत असतं, आणि ती डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची असते. कॉलेजांच्या प्रयोगशाळांत अशी यंत्रं मी पुष्कळ बघितली आहेत. तबकडी काढून एसएसडी बसवली आणि मेमरी दुप्पट केली, की तेच यंत्र आणखी तीन वर्षं सुखाने चालतं. तीन वर्षं पुढच्या पिढीची वाट बघायची, आणि आजच्या त्रासावरचा उपाय काही हजार रुपयांत उपलब्ध असूनही तो करायचा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्या तीन वर्षांत तिथून विद्यार्थ्यांची एक अख्खी तुकडी शिकून बाहेर पडते.

थांबण्याला माझा सगळ्यांत मोठा आक्षेप याच जागी आहे: काही कामं तारखेला बांधलेली असतात. हवामानाचा उद्याचा अंदाज आजच काढावा लागतो. परवा मिळालेल्या वेगवान यंत्राचा त्याला उपयोग नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष हा महासंगणक आला, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्सचा अर्का आला, आणि २०२५ मध्ये १२ किलोमीटरच्या जागी ६ किलोमीटरच्या जाळीवर अंदाज देणारी नवी प्रणाली सुरू झाली. जाळीचं अंतर निम्मं केलं की दोन्ही दिशांत चौकटी दुप्पट होतात आणि वेळेचे टप्पेही साधारण दुप्पट घ्यावे लागतात, म्हणजे आठपट गणित. हे जुन्या यंत्रावर वेळेत झालं नसतं. नवी पिढी इथे खरोखर गरजेची होती. पण अर्का येईपर्यंत रोजचा अंदाज थांबला नव्हता. विद्यार्थ्याचं सत्र हे उद्याच्या अंदाजासारखंच तारखेला बांधलेलं काम आहे. जूनमध्ये आलेल्या मुलाला डिसेंबरमधल्या चिपचा उपयोग नसतो. २०२० मध्ये शाळा-कॉलेजं घरात आली, लॅपटॉपची मागणी एकाएकी वाढली, मग चिपचा तुटवडा आला, आणि किंमत उतरायची वाट बघणाऱ्यांना चढ्या भावाने घ्यावं लागलं. थांबलं की स्वस्त मिळतं, हा भरवसा त्या दोन वर्षांत पुरता मोडला.

खरेदीच्या पद्धतीबद्दल बोलून संपवतो, कारण इथे बसलेल्यांपैकी अनेकजण अशा समित्यांवर असतात. वर्षभर थांबू या म्हणत राहायचं आणि मार्च एन्डला, अनुदान परत जाईल म्हणून, जे मिळेल ते एकगठ्ठा उचलायचं, हे आपल्याकडे सर्रास होतं. त्याऐवजी दरवर्षी प्रयोगशाळेतली एक चतुर्थांश यंत्रं बदलावीत. मग कुठलीच पिढी चुकत नाही, कुठल्याच एका पिढीत सगळे पैसे अडकत नाहीत, आणि मुलांना एकाच खोलीत चार पिढ्यांच्या यंत्रांवर आपला प्रोग्रॅम चालवून फरक मोजता येतो. निविदेतही अमुक पिढीचा प्रोसेसर हवा, एवढंच लिहू नये. आपल्याकडे रोज चालणारे पाच-सहा प्रोग्रॅम निवडावेत, ते किती वेळात पूर्ण व्हायला हवेत हे लिहावं, आणि पुरवठादाराने ते आपल्यासमोर चालवून दाखवावेत अशी अट घालावी.

हे प्रोग्रॅम निवडायचे कसे आणि त्यांचा वेळ मोजायचा कसा, हे काम दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना द्या. प्रोसेसर किती टक्के वेळ खरोखर कामात असतो, मेमरी कधी भरते, डिस्कसाठी किती थांबावं लागतं, हे सगळं त्यांच्या अभ्यासक्रमातलंच आहे. त्यांनी काढलेला तक्ता खरेदी समितीच्या पुढच्या बैठकीत, कोटेशनं उघडण्याआधी, टेबलावर ठेवा, आणि तो समजावून द्यायला त्यांच्यातल्याच एका मुलीला किंवा मुलाला बैठकीला बोलवा.